मापाचा कोट

गिऱ्हाईक जुना कपडा घेऊन दारात आलं की माझं डोकं फिरतं. "हा अगदी बरोबर बसतो, ह्याच्यावरूनच शिवा," असं म्हणून धुऊन धुऊन जीव गेलेला एखादा सदरा माझ्या टेबलावर टाकायचा आणि वर घाई असल्यासारखं रस्त्याकडे बघायचं. मी तो सदरा दोन बोटांत धरून ज्याचा त्याच्या हातात परत देते. कपडा कधी खरं बोलत नाही. तो धुण्यात आटतो, खुंटीवर ओघळतो, आणि त्याच्या आतलं माणूस मधल्या काळात कुठल्या कुठे गेलेलं असतं. मी माप माणसाचं घेते. उभे राहा, हात सैल सोडा, पोट आत ओढू नका. पोट मात्र सगळेच आत ओढतात, त्याला माझा इलाज नाही.

तर अशी मी, शिवण करणारी, आणि मी घर नीट करायला काढलं. स्वतःसाठी नाही, मुलीसाठी.

माझी एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात एका प्रयोगशाळेत काम करते. लग्न केलं होतं, ते टिकलं नाही, त्यालाही आता बराच काळ लोटला. तिचा फोन येतो, नेमानं येतो, तिची तक्रार करायला जागा नाही. अशाच एका फोनवर ती म्हणाली, "कंटाळा आलाय गं आई. वाटतं, सगळं गुंडाळावं आणि तुझ्याकडे येऊन राहावं कायमचं."

"मग ये की," मी म्हटलं.

"बघू," ती म्हणाली. मग शेजारणीच्या कुत्र्यानं जिन्यात काय घाण केली ते सांगितलं आणि फोन ठेवला.

कुत्र्याचं मी काहीच ऐकलं नाही. फोन हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. हे गेल्यापासून घर मला खायला उठतं, आणि ते मी कुणाजवळ बोललेली नाही. सकाळ कशीबशी जाते, गिऱ्हाईक असतं, रस्त्यावर वर्दळ असते. दुपार जाता जात नाही. अशा वेळी मी मशीनवर बसते आणि कापड न घालता नुसतीच चालवते, आवाजासाठी. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटत असेल, बाईला केवढं काम आहे.

आता मुलगी येणार म्हटल्यावर मला पंख फुटले. माझं घर म्हणजे रस्त्याकडेची कामाची खोली, तिच्या मागे निजायची खोली आणि बाजूला चिंचोळं स्वयंपाकघर, ज्यात दोन माणसं उभी राहिली तर एकाला श्वास रोखून धरावा लागतो. कामाची खोली सगळ्यांत मोठी, उजेडाची, दोन खिडक्यांची. ती मुलीला द्यायची असं मी ठरवून टाकलं. एक मशीन मागं नेता येईल, बटणं लावायला आणि शिवण उसवायला तेवढं पुरे. दुसरी विकायची. स्वयंपाकघराकडची भिंत पाडायची, रस्त्याच्या बाजूनं दार असलेली नवी घालायची. आणि बेतायचं टेबल काढून टाकायचं.

ते टेबल नुसतं टेबल नव्हे. मोठ्या माणसाचा आख्खा कोट त्यावर पसरता येतो. ते खोलीतच बांधलेलं आहे, दारातून बाहेर निघत नाही. न्यायचं तर मोडूनच न्यावं लागणार. सुतार आला, टेबलाखाली वाकून बघितलं आणि हातानं लाकूड चोळत म्हणाला, "काकू, हे मोडायला हात धजत नाही हो."

"माझा धजतो ना. मोड."

"आधी नकाशा तरी काढून घ्या. मोडल्यावर मलाच बोल लावाल." आणि माझं तोंड चुकवायला त्यानं एका बाईचा पत्ता दिला, घरांचे नकाशे करून देणाऱ्या.

ती नकाशेवाली आली तेव्हा मला वाटलं, ही कॉलेज चुकवून आली असणार. केसांचा बुचडा आणि त्यात पेन्सिल खोचलेली, पायांत जाडजूड बूट. आल्या आल्या मला मावशी म्हणायला लागली. मी म्हटलं, मी कुणाची मावशी नाही. ती "बरं मावशी" म्हणाली आणि भिंतींवर टिचक्या मारत फिरू लागली. एका ठिकाणी तर कान लावून उभी राहिली.

"ह्या भिंतीतून पाण्याची लाईन गेलीय का?"

"मला काय माहीत? मी भिंतीच्या आत कधी गेले नाही."

ती हसली नाही. "भिंत पाडायला अर्धा दिवस लागतो, मावशी. काय पाडायचं, ते ठरवायला वेळ लागू द्या. घाई करणाऱ्यांची घरं बघितलीत मी. एका गृहस्थांनी आधी भिंत उभी केली आणि मग फ्रिज आणला. आता फ्रिजचं दार निम्मंच उघडतं. ते दुधाची पिशवी आडवा हात घालून काढतात, चोरी केल्यासारखी."

मग तिनं विचारायला सुरुवात केली. काम चालू असताना मी राहणार कुठं, चूल कुठं मांडणार, धूळ उडेल तेव्हा गिऱ्हाइकांचे कपडे कशात ठेवणार, स्विच कुठल्या हाताला हवा. ह्यातलं काहीही माझ्या डोक्यात आलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त मुलगी होती, पलंगावर पाय वर घेऊन वाचत बसलेली.

"आणि ही खोली कुणाची होणार?"

"मुलीची."

"त्या उजव्या की डावखुऱ्या? सकाळी तोंडावर ऊन आलेलं चालतं का? कपडे टांगतात की घड्या घालतात? पुस्तकांची फळी किती उंच हवी?"

मी फडाफडा उत्तरं दिली. उजवी, चालत नाही, घड्या, मी मोजून सांगते.

"हे तुम्ही सांगताय," ती म्हणाली. "त्यांना विचारलंत?"

मला असा राग आला! "माझ्या पोटची पोर आहे. तिचा पहिला फ्रॉक मी शिवला, नोकरीला जातानाचा कोट मी शिवला. मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?"

तिनं पेन्सिल पुन्हा केसांत खोचली. "मी हट्टी आहे, मावशी. ज्याची खोली ते माणूस खोलीत येऊन उभं राहिल्याशिवाय मी हातोडा लावू देत नाही. त्यांना एकदा बोलवा. तोवर सगळं जमिनीवर आखून ठेवा, खऱ्या मापाचं. पलंग, कपाट, दार किती उघडतं ते. आणि थोडे दिवस त्या आखणीत राहून बघा."

माझ्यासारखीच खाष्ट निघाली. म्हणून ऐकलं तिचं. शिवाय तिचं म्हणणं माझ्याच धंद्यातलं होतं. कापडाला कात्री लावण्याआधी कागद बेतावा, कच्चे दोरे घालून अंगावर चढवून बघावं, मगच पक्की शिवण मारावी. कापलेलं कापड जोडता येत नाही, जोडलं तरी जोड दिसतो.

जाता जाता ती दारात थांबली. "आणि तुमचंही माप द्या. स्वयंपाकाचा ओटा नवा होणारच आहे. कोपरापर्यंतची उंची, आणि हात वर केल्यावर कुठवर पोचतो ते."

देते म्हटलं, पण दिलं नाही. सांगायला लाज वाटली. जन्मभर लोकांची मापं घेणाऱ्या बाईला स्वतःचं माप घेता येत नाही. आकडा बघायला मान खाली घातली की खांदा हलतो, कोपर वर जातं, सगळं चुकतं. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं. हे असताना हेच धरायचे, आणि आकडा मुद्दाम वाढवून सांगायचे, म्हणजे मी चिडायची. आता माझे कपडे मी माझ्याच जुन्या कपड्यांवरून बेतते. बघायला कोण येतंय?

आखणी मात्र मी झोकात केली. कागद बेतणं हे माझ्या हातचं काम. टेबलापुरती जागा डोळ्यांआड करून उरलेल्या खोलीत, आणि मग हट्टानं टेबलाखालीसुद्धा, मी खाकी कागद पसरला. पलंग कापला, कपाट कापलं, लिहायचं टेबल, खुर्ची. शिवणाच्या खडूनं भिंत आखली, जिथं ती यायची होती तिथं, आणि भिंतीत दार ठेवलं. मग त्या आखणीत राहायला लागले. खडूच्या दारातूनच ये-जा करायची असा मी नेम केला. खडूची भिंत ओलांडायची नाही. गिऱ्हाईक आलं आणि त्यानं कागदी पलंगावर पाय ठेवला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "तिकडून या, दार तिकडे आहे," मी ओरडायची. लोकांना वाटलं असेल, म्हातारीचा आता एखादा दोरा उसवलाय.

पण मला बरं वाटत होतं. त्या दिवसांत मी रिकामी मशीन एकदाही चालवली नाही. दुपारी कागदाच्या पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसायची आणि इथं तिची उशी येईल, इथं चष्मा ठेवेल, असं मनाशी चालायचं. कधी कधी ते मोठ्यानं चालायचं.

राहिली होती पुस्तकांच्या फळीची उंची. मुलीचा हात कुठवर पोचतो ते हवं होतं. मी कपाट उघडलं आणि तिचा कोट काढला, निळा, नोकरीला जाताना शिवलेला. पुढं तिथल्या थंडीला तो पुरेना म्हणून तिनं तो इथंच ठेवला होता. तिच्या खांद्याची उंची मला तोंडपाठ होती. तेवढ्या उंचीवर मी कोट भिंतीला टाचला, उजवी बाही सरळ वर ताणून तीही टाचली, आणि बाहीच्या टोकाला हाताच्या पंजाची भर घालून भिंतीवर खडूची रेघ मारली. फळी इथं. कोट एक हात वर करून भिंतीवर उभा राहिला. मी तो तसाच ठेवला. खोलीत आणखी कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं.

मग मी मुलीला फोन केला. घराचं थोडं काम काढलंय, एक दिवस येऊन जा, एवढंच सांगितलं. बाकीचं ती डोळ्यांनी बघेल तेव्हा तिचा चेहरा मला बघायचा होता.

ती सुट्टीच्या दिवशी आली, सकाळच्या गाडीनं. पाठीवर पिशवी, केस आखूड कापलेले, कानांपाशी पांढरे. आत आली ती सरळ माझ्याकडे, खडूच्या भिंतीतून, पलंगावरून, कपाटावरून. कागद फाटला.

"अगं, पलंगावरून चाललीस!" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं खाली बघितलं. मग भिंतीवर. "हा कोण गं? ह्याला उत्तर येतंय वाटतं, बाई विचारत नाहीत." कोटाकडे बघून ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. हसण्यात ती अजून तशीच आहे. मी तिला बसू दिलं नाही, पाणीसुद्धा दिलं नाही, आधी ते झालं पाहिजे असं मला झालं होतं.

"तिथं उभी राहा. हां. आता हात वर कर आणि त्या रेघेला लाव."

"कशाला?"

"लाव तर."

तिनं डावा हात उचलला. "उजवा," मी म्हटलं, "पुस्तक काढायला तू उजवा हात वापरतेस." तिनं उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत आला, थोडा वर गेला आणि कानापाशी थांबला. तिचा ओठ दाताखाली गेला. भिंतीवर कोटाचा हात वरच्या वर होता आणि त्याच्याखाली, चांगलं दोन वितांवर, तिचा हात अडकून पडला होता.

"पुढं जात नाही," ती म्हणाली. "खांदा आखडलाय."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. व्यायाम चाललाय. होईल हळूहळू."

बरेच दिवस म्हणजे मध्ये किती फोन झाले असतील! तिच्या शेजारणीच्या कुत्र्याचा रंगसुद्धा मला ठाऊक होता.

ती हात दाबत खोलीभर बघत होती. आता तिला सगळं दिसायला लागलं. पलंग, कपाट, लिहायचं टेबल. सुतारानं बेतायच्या टेबलाच्या पायांवर मारलेल्या खुणा.

"आई, तुझं टेबल कुठंय ह्यात?"

"ते जाणार."

"मग तू बेतणार कुठं?"

"आता काय बेतायचंय? पुष्कळ बेतलं."

"ही खोली कुणाची आहे?"

मी वाकून फाटलेला कागद जुळवू लागले. ती हळूच खाली बसली, कागदी पलंगावरच, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मी येते असं कधी म्हटलं?"

"म्हणालीस की. फोनवर. सगळं गुंडाळावं आणि तुझ्याकडे यावं कायमचं."

ती आठवायला लागली. तिला आठवावं लागलं, हे मला फार लागलं.

"अगं, ते..." ती म्हणाली. "त्या दिवशी खांदा इतका ठणकत होता की भांडी घासवत नव्हती. रडू येत होतं. बोलले तसं. आपण बोलतो ना गं, तसं."

"हो. बोलतो."

"मला तिथं बरं वाटतं, आई. घर छोटं आहे, पण माझं आहे. कामाला माणसं आहेत, संध्याकाळी कुणी ना कुणी येतं. दुखतं तेव्हा वाईट वाटतं, एरवी नाही."

मी भिंतीपाशी गेले आणि कोटाच्या टाचण्या काढायला लागले. काहीतरी हाताला हवं होतं. "खांद्याचं सांगितलं का नाहीस?"

"तू काळजी करत बसली असतीस."

"मग आणखी काय करू मी?" माझा आवाज एकदम चढला. "काळजी करायला तरी द्यायची होतीस मला! दुपारी मी काय करते, ठाऊक आहे तुला? रिकामी मशीन चालवते. सुई आहे, दोरा आहे, कापड नाही. घरात कुणीतरी काम करतंय असं वाटावं म्हणून. एकटी आहे मी इथं. फार एकटी आहे."

असं मी कधीच बोलले नव्हते. हे गेले तेव्हासुद्धा नाही. टाचणी बोटात रुतली ती मला नंतर दिसली.

मुलगी पलंगाच्या कागदाची कड बोटानं दुमडत राहिली. मग म्हणाली, "तूही नाही सांगितलंस."

मी उरलेल्या टाचण्या काढल्या. दोघी तशाच बसून राहिलो, ती पलंगावर, मी स्टुलावर. मला वाटत होतं, आता ती म्हणेल, बरं, येते. मी अगदी वाट बघत होते. तिनं ते म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिच्या तोंडाकडे बघून मलाच कळलं असतं की ते खरं नाही, आणि तरी मी टेबल मोडलं असतं.

नंतर तिनंच चहा केला. चिंचोळ्या स्वयंपाकघरात मी दाराशी उभी राहिले आणि ती आत. ओट्याकडे बघून तिनं विचारलं, हा नवा करतेयस ना, किती उंच? मी म्हटलं, माप द्यायचंय अजून, घ्यायला कुणी नाही. सहज म्हटलं, टोमणा नव्हता. तिनं कप खाली ठेवला. "टेप दे. उभी राहा. हात सैल सोड."

"मी शिकवलंय ते मलाच शिकवू नकोस."

"पोट आत ओढू नकोस."

मी ओढलं होतं.

लहानपणी कामाच्या खोलीत ती टेपचं टोक धरायची, ते सगळं तिच्या लक्षात होतं. कोपरापर्यंतची उंची तिनं वाकून घेतली. मग मी दोन टेप टाचून हात वर केला आणि ती स्टुलावर चढली, कारण तिचा उजवा हात वर जात नव्हता आणि खालून आकडा दिसत नव्हता. डाव्या हातानं टोक माझ्या बोटांपाशी धरलं, दुसरं टोक मी पायाखाली दाबलं. तिनं आकडा सांगितला.

"चुकलीस. पुन्हा बघ."

तिनं पुन्हा बघितलं. तोच आकडा. "माझं माप मला माहितीय," मी म्हटलं. "माझ्या कपड्यांवरून..." आणि थांबले.

"आई, टेप बरोबर आहे," ती वरून म्हणाली. "तू कमी झालीस."

तिनं टेप सोडला नाही. माझा वर केलेला हात तिनं हातात धरला आणि स्टुलावर तशीच उभी राहिली. मला मान वर करता येत नव्हती. बरं झालं, नाहीतर दोघींचीही पंचाईत झाली असती.

मग मी तिचं माप घेतलं. जिथवर दुखत नाही तिथवरच हात ने, म्हटलं. ती भिंतीपाशी उभी राहिली, हात कानापर्यंत आला, आणि मी तिच्या बोटांच्या टोकाशी खडूची रेघ मारली, कोटाच्या रेघेच्या पुष्कळ खाली. कशाला, असं तिनं ह्या वेळी विचारलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला मी तिला सोडायला गेले. "येत जाईन," ती म्हणाली. "राहायला नाही, पण येत जाईन." गाडी हलली तेव्हा तिनं डावा हात हलवला. घरी येऊन मी दार उघडलं आणि सवयीनं खडूच्या दारातून आत गेले. मग थांबले, मागं वळले आणि भिंत ओलांडून परत आले. काही झालं नाही. खडूच होता. मी कागद गोळा केले, नीट घड्या घातल्या, आणि ओल्या फडक्यानं जमीन पुसून काढली. त्या संध्याकाळी घर जेवढं मोठं वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं.

नकाशेवाली आली. काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं वाक्य बोलवलं नसतं. बघा, मी म्हणत होते, असं ती म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मावशी, बरं झालं, अजून काहीच मोडलं नाही." आणि बूट काढून टेबलाखाली शिरून पाय हलतोय का ते बघायला लागली. मुलीनं घेतलेली मापं मी तिला दिली. ओटा माझ्या आताच्या उंचीचा झाला, आधीच्यापेक्षा खाली. पाण्याची लाईन निघाली ती तिनं कान लावला होता त्याच भिंतीत. ती मी पाडली असती तर घरात होडी लागली असती. कामाच्या खोलीत नवे दिवे आले. टेबल राहिलं, फक्त त्याचे पाय सुतारानं कापून थोडे आखूड केले, माझ्यासाठी.

त्या टेबलावर पहिलं काम मी निळ्या कोटाचं घेतलं. शिवण उसवली. वाढीला म्हणून तेव्हा आत माया, जास्तीचं कापड, भरपूर सोडली होती. बाही मोकळी केली, खांदा सैल केला, आतून उबदार अस्तर लावलं, आणि दुखरा हात आधी घालता येईल असा पुढून कापून बंद लावले. तिला पाठवून दिला. व्यवस्थित बसला असं तिनं कळवलं. ती खरं सांगते की मला बरं वाटावं म्हणून, ते आता तिला उभं करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

शेवटी फळी राहिली. सुतार ड्रिल घेऊन भिंतीपाशी उभा राहिला. दोन रेघा होत्या. त्यानं वरच्या रेघेला हात लावला.

"खालच्या," मी म्हटलं.

"काकू, एवढ्या खाली? तुमचा हात तर वर पोचतो."

"पोचतो."

"आणि टेबलाच्या वर येईल ती. वाकून उठलात की डोकं आपटेल तुमचं."

"आपटू दे. माप घेतलेलं आहे माझ्याकडे. लाव तिथंच."

त्यानं लावली. डोकं आपटतं, जवळजवळ रोज. नकाशेवाली येऊन बघून गेली आणि म्हणाली, दोनच स्क्रू आहेत मावशी, केव्हाही वर घेता येईल. मी म्हटलं, राहू दे. टेबलावर दोरे, बटणं, कात्र्या ह्यांची दाटी झाली आहे, ठेवायला जागा पुरत नाही, पण त्या फळीवर मी काही ठेवत नाही.